विश्लेषण : अक्षरे उशिरा शिकलेल्या राजाने प्रौढांसाठी ग्रंथालये कशी उभारली?

सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचे नाव सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी घेतले जाते. पण शाळेचे वय उलटलेल्यांचे काय, हा प्रश्नही त्यांनी तितक्याच गांभीर्याने घेतला होता.

निरक्षर मुलगा गादीवर कसा आला?
सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे शेतकरी कुटुंबात झाला. मूळ नाव गोपाळराव. मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांनी १८७५ मध्ये त्यांना दत्तक घेतले. तेव्हा बारा वर्षांच्या गोपाळरावांना लिहिता-वाचता येत नव्हते. इलियट या शिक्षकांच्या देखरेखीखाली त्यांनी सारे शिक्षण घेतले. १८८१ मध्ये राज्यकारभार त्यांच्या हाती आला.

शाळा असताना ग्रंथालये कशाला?
१८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग झाला, तर १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू झाले. पण गावात वाचायला काहीच नसेल, तर शाळेत शिकलेली अक्षरे चार-दोन वर्षांत विसरली जातात. ही गळती थांबवायची तर गावात पुस्तके हवीत, हा ग्रंथालय योजनेमागचा विचार होता.

योजना कशी चालली?
१९१० मध्ये अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्यात बोलावण्यात आले. महाराजांचा सुमारे २० हजार पुस्तकांचा खासगी संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया ठरला. तिथे स्त्रिया आणि मुलांसाठी स्वतंत्र व्यवस्था होती. गावाने खर्चाचा एक तृतीयांश वाटा उचलला, की उरलेला सरकार आणि स्थानिक मंडळ देत असे. वर्गणी भरल्यामुळे ग्रंथालय गावाला आपले वाटे. जिथे तेही शक्य नव्हते, तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरत्या ग्रंथालयातून विनामूल्य जात. गुजरातेत ही चळवळ रुजवण्यात मोतीभाई अमीन यांचा मोठा वाटा होता.

ज्यांना वाचताच येत नव्हते, त्यांचे काय?
ग्रंथालय खात्यातच दृश्यशिक्षणाची शाखा काढण्यात आली. मॅजिक लँटर्न आणि चलच्चित्रांचे खेळ गावोगावी फुकट दाखवले जात. अक्षरओळख नसलेला शेतकरीही ग्रंथालयाचा लाभार्थी आहे, ही त्या काळात नवी कल्पना होती. बडोद्याचे वस्तुसंग्रहालयही त्यांच्याच कारकिर्दीत, १८९४ मध्ये पूर्ण झाले.

मग संस्थान साक्षर झाले का?
पूर्णपणे नाही. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी सयाजीराव गेले, तेव्हाही बहुसंख्य प्रजा निरक्षर होती. सक्ती मुलांवर होती. प्रौढांना मात्र ओढ लावावी लागते, आणि ते काम संथच असते. तरीही मुलाला शाळेत घालून शिक्षण संपत नाही, त्याच्या आईवडिलांच्या हातीही पुस्तक पोहोचले पाहिजे, हा बडोद्याचा धडा आजच्या गावच्या वाचनालयांनाही लागू पडतो.