केस पेपरवरचा ‘कॉक्स’: रॉबर्ट कॉख आणि थुंकीची तपासणी

घरात कोणाला पूर्वी क्षयरोग झाला असेल, तर त्यांची जुनी फाइल काढून पाहा. त्यात टीबी हा शब्द कदाचित सापडणारच नाही. पल्मनरी कॉक्स, ओल्ड कॉक्स असे काहीतरी लिहिलेले असेल आणि गोळ्यांचा उल्लेख एकेटी असा असेल. एकेटी म्हणजे अँटी-कॉक्स ट्रीटमेंट. टीबी शब्द ऐकून रुग्ण आणि नातेवाईक घाबरतात, शेजारीपाजारी कुजबुजतात, म्हणून आपल्याकडच्या डॉक्टरांना हा आडपडदा सोयीचा वाटत आला आहे. हा कॉक्स शब्द एका माणसाच्या आडनावावरून आला. त्यांचे नाव डॉ. रॉबर्ट कॉख. आज तुम्ही डबीत बेडका देता आणि लॅबवाले त्यात जंतू शोधतात, या साऱ्याची सुरुवात त्यांच्यापाशी आहे.

कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतल्या हार्त्स डोंगराळ भागातील क्लाउस्थाल या खाणींच्या गावी झाला. वडील खाणीत अधिकारी होते, भावंडे पुष्कळ. ग्योटिंगेन विद्यापीठात ते वैद्यकी शिकले. तिथे याकोब हेन्ले हे त्यांचे एक शिक्षक होते. काही रोग जिवंत सूक्ष्म घटकांमुळे होतात, असे मत हेन्ले यांनी बऱ्याच आधी मांडले होते, पण ते सिद्ध झालेले नव्हते. १८६६ मध्ये कॉख डॉक्टर झाले, लग्न झाले, मुलगी झाली, युद्धात काम करून झाले, आणि १८७२ मध्ये ते वोल्श्टाइन या लहान गावी जिल्ह्याचे वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. आपल्याकडच्या तालुक्याच्या डॉक्टरसारखेच ते काम: सकाळी रुग्ण, दुपारी सरकारी कागद, मधेच खेड्यातून बोलावणे.

त्या भागात गुरे काळपुळीने मरत. आपले शेतकरी या रोगाला फाशी म्हणतात. मेलेल्या जनावराच्या रक्तात काड्यांसारखे काहीतरी दिसते, हे आधीच माहीत होते. पण त्या काड्या रोगाचे कारण की परिणाम, हे कोणाला सांगता येत नव्हते. कॉख यांच्याकडे ना प्रयोगशाळा ना मदतनीस. रुग्ण तपासण्याच्या खोलीचाच एक भाग त्यांनी कामासाठी घेतला. लाकडाची बारीक ढलपी तापवून निर्जंतुक करायची, मेलेल्या जनावराच्या रक्तात बुडवायची आणि उंदराच्या शेपटीच्या मुळाशी कातडीखाली सरकवायची. उंदीर मेला की त्याच्या प्लीहेतून पुढच्या उंदराला. मग त्यांनी बैलाच्या डोळ्यातले स्वच्छ पाणी घेऊन त्यात हे जंतू वाढवले, म्हणजे जनावराच्या शरीराबाहेर. ते सूक्ष्मदर्शकाखाली लांबताना आणि त्यांत चिवट बीजाणू तयार होताना त्यांनी पाहिले. त्यामुळे वर्षानुवर्षे ओसाड पडलेल्या कुरणातही गुरांना हा रोग कसा होतो, याचा उलगडा झाला. १८७६ मध्ये ब्रेस्लाऊ येथे वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांच्यासमोर त्यांनी सर्व प्रयोग करून दाखवले. गावचा डॉक्टर असला तरी पुरावा पक्का होता.

१८८० मध्ये त्यांना बर्लिनला सरकारी आरोग्य कार्यालयात नेमले गेले. इथून पुढचा भाग सावकाश वाचा, कारण तुमच्या हातातला लॅब रिपोर्ट इथेच घडला.

बटाट्याच्या फोडीपासून पेट्री डिशपर्यंत

जंतू ओळखायचा तर आधी तो एकटा मिळायला हवा. त्या काळी जंतू सूपासारख्या पातळ पदार्थात वाढवत. त्यात दहा जातींचे जंतू एकत्र मिसळत आणि कोणामुळे काय झाले ते कळत नसे. उकडलेल्या बटाट्याच्या फोडीवर वेगवेगळ्या रंगांचे ठिपके उगवतात आणि प्रत्येक ठिपक्यात एकाच जातीचे जंतू असतात, हे कॉख यांनी हेरले. घट्ट पृष्ठभागावर जंतू आपली जागा सोडत नाहीत, म्हणून ते मिसळत नाहीत. पण बटाट्यावर सगळे जंतू वाढत नाहीत, म्हणून त्यांनी पोषक द्रवात जिलेटिन घालून तो गोठवला. अडचण अशी की शरीराच्या तापमानाला, ३७ अंशांना, जिलेटिन वितळते.

याचे उत्तर स्वयंपाकघरातून आले. त्यांचे सहकारी वॉल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे जेली करताना अगार वापरत. समुद्री शेवाळापासून मिळणारे अगार तुम्हालाही परिचित आहे, किराणा दुकानात ते चायना ग्रास या नावाने मिळते. ते ३७ अंशांना वितळत नाही. कॉख यांनी १८८२ च्या लेखात अगारचा उल्लेख केला, फॅनी यांचे नाव मात्र दिले नाही. हे मला आजही खटकते. १८८७ मध्ये त्यांचेच दुसरे सहकारी युलिउस पेट्री यांनी झाकणाची चपटी काचेची बशी वापरात आणली. लघवीची किंवा रक्ताची कल्चर पाठवली की रिपोर्टला दोन-तीन दिवस किंवा जास्त का लागतात, असे नातेवाईक नेहमी विचारतात. लॅबमध्ये हेच चाललेले असते: थेंब पसरायचा, ठिपके उगवण्याची वाट पाहायची, एक ठिपका उचलून तो कोण आहे ते ओळखायचे आणि कोणत्या औषधाने मरतो ते पाहायचे.

२४ मार्च १८८२

युरोपात त्या वेळी दर सात मृत्यूंपैकी एक क्षयाने होतो, असा हिशेब कॉख यांनी मांडला. हा रोग आनुवंशिक आहे, अशक्तपणाचा आहे, असेच बहुतेक डॉक्टर मानत. सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नव्हते, कारण क्षयाच्या जंतूवर मेणासारखे आवरण असते आणि नेहमीचा रंग त्याला चढत नाही. कॉख यांनी मिथिलिन ब्लू या निळ्या रंगात अल्कली मिसळली, काचपट्ट्या त्यात जवळजवळ दिवसभर ठेवल्या आणि मग वर तपकिरी रंग चढवला. बाकी सगळे तपकिरी झाले आणि त्यात बारीक निळ्या काड्या उठून दिसल्या.

दिसणे पुरेसे नव्हते. गोठवलेल्या रक्तद्रवावर ३७ अंशांत त्यांनी हे जंतू वाढवायला ठेवले. इतर जंतू एक-दोन दिवसांत दिसतात, हे दुसऱ्या आठवड्यापर्यंत दिसलेच नाहीत. दुसरा कोणी असता तर नळ्या फेकून दिल्या असत्या. पुढे वाढवलेले शुद्ध जंतू गिनीपिगला टोचल्यावर त्यांना क्षय झाला आणि त्यांच्या शरीरातून तेच जंतू पुन्हा मिळाले. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये त्यांनी हे सर्व मांडले. सोबत दोनशेहून जास्त नमुने आणले होते. सभेत कोणी शंका काढली नाही. जागतिक क्षयरोग दिन म्हणून आपण हीच तारीख पाळतो.

श्रोत्यांमध्ये पाउल एर्लिख होते. त्यांनी लगेच रंगवण्याची पद्धत सुधारली: या जंतूला एकदा रंग चढला की आम्लाने धुतले तरी तो जात नाही. मग झील आणि नील्सन यांनी तिला आणखी पक्के रूप दिले. तुमच्या रिपोर्टवरचे एएफबी म्हणजे आम्लाला न जुमानणारे हेच जंतू. झील-नील्सन पद्धतीत ते निळ्या पार्श्वभूमीवर लाल दिसतात. १+, २+, ३+ हे आकडे म्हणजे किती जंतू दिसले याची मोजणी. सूक्ष्मदर्शकात एका वेळी जेवढा भाग दिसतो तसे शंभर भाग तपासून १० ते ९९ जंतू दिसले तर १+. दर भागात दहापेक्षा जास्त असतील तर ३+. एर्लिख यांना पुढे स्वतःच्याच थुंकीत हे जंतू सापडले. ते इजिप्तला हवापालटासाठी गेले आणि बरे झाले.

मात्र एक लक्षात ठेवा. काचपट्टीवर जंतू दिसायला दर मिलिलिटर बेडक्यात ते साधारण ५ ते १० हजार असावे लागतात. म्हणून एएफबी निगेटिव्ह आले म्हणजे टीबी नाहीच, असे होत नाही. आणि डबीत नुसती लाळ दिली तर रिपोर्ट निगेटिव्ह येण्याची शक्यता वाढते. सकाळी उठल्यावर चूळ भरून, दीर्घ श्वास घेऊन खोल खोकला काढा आणि छातीतून आलेला घट्ट बेडका द्या.

कोलकाता, मुंबई आणि एक फसलेले औषध

१८८३ मध्ये पटकीच्या साथीमागे कॉख इजिप्तला गेले. तिथे फ्रेंच पथकातला तरुण शास्त्रज्ञ लुई थ्युलिए पटकीने दगावला. दोन्ही देशांत वैर असूनही कॉख त्याच्या अंत्यविधीला हजर राहिले. मग ते कोलकात्याला आले. स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू त्यांना पटकीच्या रुग्णांत सापडलाच, शिवाय लोक ज्या तळ्यात धुणी धूत, अंघोळ करत आणि ज्याचे पाणी पीत, त्या तळ्यातही सापडला. (इटलीच्या पाचिनी यांनी हा जंतू १८५४ मध्येच पाहिला होता, पण तिकडे कोणी लक्ष दिले नव्हते.) १८९७ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा जर्मन आयोगाचे प्रमुख म्हणून ते मुंबईतही येऊन गेले. त्याच वर्षी मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली.

मधल्या काळात एक मोठी चूक झाली होती. १८९० मध्ये कॉख यांनी क्षयावर उपाय सापडल्याचे जाहीर केले. औषधाला नाव मिळाले ट्युबरक्युलिन, पण ते कशापासून केले हे त्यांनी सुरुवातीला गुप्त ठेवले. बर्लिनकडे रुग्णांची रीघ लागली. शेरलॉक होम्सचे लेखक कॉनन डॉयल स्वतः डॉक्टर होते, तेही पाहायला गेले आणि साशंक होऊन परतले. काही महिन्यांत रुग्ण दगावू लागले. शवविच्छेदनात फिर्खो यांना नवे क्षयाचे गोळे दिसले. औषध म्हणजे क्षयजंतूंचा ग्लिसरीनमधला अर्क निघाला. घाई, सरकारचा दबाव आणि मान-पैशाची ओढ यांपैकी कशाचा वाटा किती, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. माझ्या मते गुप्तता ही सर्वांत गंभीर बाब होती. टीबी, कॅन्सर किंवा मधुमेहावर घटक न सांगता कोणी हमखास औषध देत असेल, तर तुम्हीही सावध व्हा.

तो अर्क वाया गेला नाही. ज्याच्या शरीरात क्षयाचा जंतू शिरलेला आहे त्याची त्वचा या टोचणीने सुजते, यावरून १९०८ मध्ये मांतू यांनी चाचणी बसवली. तीच आपली मांटू टेस्ट. हातावर टोचून ४८ ते ७२ तासांनी कडक गाठ मोजतात. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे जंतूचा संसर्ग कधीतरी झाला असण्याची शक्यता आहे. रोग आहेच असे नव्हे. भारतात अनेक निरोगी प्रौढांची मांटू पॉझिटिव्ह येते, त्यामुळे केवळ तिच्या आधारावर एकेटी सुरू करायची नसते. रक्तातील अँटिबॉडी पाहून टीबी ठरवणाऱ्या चाचण्यांवर तर भारत सरकारने २०१२ मध्ये बंदीच घातली.

कॉख यांना १९०५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन येथे त्यांचे निधन झाले. क्षयावर काम करणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला अजून तीस वर्षांहून जास्त काळ जायचा होता.

आता तुमचा बेडका बहुतेक वेळा सीबीनॅट किंवा ट्रुनॅट यंत्रात जातो. त्यात जंतूचा डीएनए शोधला जातो, काही तासांत निकाल येतो आणि रिफाम्पिसिन हे औषध चालेल की नाही तेही कळते. सरकारी केंद्रांत ही तपासणी मोफत आहे. पण कल्चर पाठवली असेल तर तिचा अंतिम रिपोर्ट सहा ते आठ आठवड्यांनीही येऊ शकतो, कारण हा जंतू आजही कॉख यांच्या काळाइतकाच हळू वाढतो. तोपर्यंत सुरू केलेल्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता थांबवू नका, आणि आठव्या आठवड्यानंतर तो रिपोर्ट मागून घ्यायला विसरू नका.