मसूर स्टेशनवर उतरलेली ती चार पोरं

कोरेगाव : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लहानपणीचा मसूर ते 'कोरेगाव' प्रवास बऱ्याच जणांनी ऐकलेला आहे. पण हे कोरेगाव म्हणजे आपलं तालुक्याचं गाव नव्हे, तर खटाव तालुक्यातलं गोरेगाव. इंग्रजीत ते कोरेगाव असं छापलं गेलं आणि घोटाळा झाला. आपल्या कोरेगावला यायचं असतं तर पोरं कोरेगाव स्टेशनलाच उतरली असती, पुढं मसूरला कशाला गेली असती?

भीमराव तेव्हा साताऱ्यात शिकत होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्यांचं नाव दाखल झालं. आई भीमाबाई साताऱ्यातच वारल्या होत्या. वडील रामजी दुष्काळी कामावर खजिनदार होते. दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून सरकार तिथं तलाव खोदत होतं.

१९०१ च्या उन्हाळ्यात भीमराव, थोरला भाऊ आणि दोन भाचे वडिलांकडं निघाले. अंगावर नवे कपडे होते. मसूरला उतरले तर न्यायला कोणीच नाही, कारण पत्र रामजींच्या हातात पडलंच नव्हतं. चांगल्या घरची पोरं म्हणून स्टेशन मास्तर आस्थेनं बोलला, पण जात कळताच मागं सरला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तेही पोरांनीच बैल हाकायचे आणि त्यानं पायी चालायचं या अटीवर.

डबा सोबत होता, पण पाणी नव्हतं. रात्री टोल नाक्यावर गाडीवानाच्या सांगण्यावरून भीमरावांनी मुसलमान असल्याचं सांगून उर्दूत पाणी मागितलं. तरी मिळालं नाही. चौघं उपाशीच झोपले. बाप तलावाच्या कामाचा हिशेब ठेवत होता आणि पोरांना वाटेत घोटभर पाणी मिळालं नाही!

पुढं २० मार्च १९२७ ला महाडचं चवदार तळं झालं. त्याचा खटला दहा वर्षं चालला, १९३७ ला हायकोर्टात निकाल बाजूनं लागला. मग घटना आली. कलम १५ मध्ये धर्म, जात, लिंग यावरून भेदभावाला बंदी आहे, आणि त्यात विहिरी, तलाव, घाट, रस्ते अशी नावं घेऊन लिहिलंय. अस्पृश्यता संपवणारं कलम १७ घटना समितीनं २९ नोव्हेंबर १९४८ ला मंजूर केलं. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा त्यानंतर अकरा दिवसांनी, १० डिसेंबरला आला. कलम २५ नं कुठलाही धर्म मानायची मोकळीक दिली.

ती मोकळीक बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात वापरली आणि बौद्ध धम्म घेतला. ६ डिसेंबरला ते गेले. पण १९५० च्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता, १९५६ ला त्यात शीख आले. त्यामुळं धम्म घेतलेल्यांच्या केंद्राच्या सवलती गेल्या, त्या मिळायला १९९० साल उजाडलं. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून त्या यादीबाहेरच आहेत.