मेंढ्या राखणारा पॅट्रिक

१७ मार्चला हिरव्या टोप्या घालून नाचणारी परदेशी मंडळी तुम्ही टीव्हीवर पाहिली असतील. हा आयर्लंडचा राष्ट्रीय सण, सेंट पॅट्रिक्स डे. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझी या संताशी जुनी ओळख. पण तिथे कळलेला पॅट्रिक म्हणजे आयर्लंडमधले सगळे साप हाकलणारा चमत्कारी बाबा! खरं तर हिमयुगानंतर त्या बेटावर साप पोहोचलेच नव्हते. मग हाकलणार कोणाला? खरा पॅट्रिक या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

काळ पाचव्या शतकाचा. पॅट्रिक मुळात आयरिश नव्हेच. जन्म रोमन ब्रिटनमधला, वडील चर्चमध्ये डीकन, आजोबा धर्मगुरू. सोळाव्या वर्षी, म्हणजे आपण अकरावीच्या ॲडमिशनसाठी रांगा लावतो त्या वयात, आयरिश चाच्यांनी त्याला पळवून नेलं आणि गुलाम केलं. सहा वर्षं त्याने बर्फापावसात मेंढ्या राखल्या. मग एक दिवस तो पळाला. दोनशे मैल तुडवून किनारा गाठला, कशीबशी जहाजात जागा मिळवली आणि शेवटी घरी पोहोचला.

दुसरा कोणी असता तर त्या देशाचं नावही काढलं नसतं. याच्या मात्र स्वप्नात आयर्लंडची माणसं येऊन परत बोलावू लागली. आता कुठे जाऊ नकोस म्हणून घरच्यांनी विनवलं, तरी तो धर्मशिक्षण घेऊन, बिशप होऊन तिथेच परतला. हजारोंना बाप्तिस्मा दिला. कोरोटिकस नावाच्या सरदाराच्या शिपायांनी नवख्रिस्ती लोकांना कापून काढलं आणि उरलेल्यांना गुलाम म्हणून नेलं, तेव्हा जाहीर पत्र लिहून त्या सर्वांना धर्माबाहेर काढलं. गुलामी काय असते हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. शिक्षण मध्येच तुटल्यामुळे आपली लॅटिन कच्ची, याची त्याला कायम लाज वाटे. तरीही त्याने लिहिलं, म्हणून तर आज तो आपल्याला कळतो. १७ मार्च हा त्याचा मृत्युदिन मानतात.

पुढे पोटासाठी देश सोडलेल्या आयरिश लोकांनी हा दिवस बरोबर नेला. न्यूयॉर्कची मिरवणूक १७६२ पासूनची. खुद्द आयर्लंडमध्ये सार्वजनिक सुट्टी मिळाली ती १९०३ साली! तिथल्या पर्यटन संस्थेने हे बरोबर हेरलं. २०१० मध्ये सिडनीचं ऑपेरा हाउस हिरव्या दिव्यांनी उजळलं, पुढे पिसाचा मनोरा, नायगारा, कोलोसियमसुद्धा. वास्तू दुसऱ्यांच्या, जाहिरात आयर्लंडची!

यात एक मालवणी धागाही आहे बरं का. मालवण तालुक्यातलं वराड हे ज्यांचं मूळ गाव, ते लिओ वराडकर २०११ ते २०१४ आयर्लंडचे पर्यटनमंत्री होते आणि २०१७ मध्ये पंतप्रधान झाले. या सणाला आयरिश मंत्री देशोदेशी जातात आणि पंतप्रधान अमेरिकेच्या अध्यक्षांना शॅमरॉकच्या पानांचा वाडगा भेट देतात. २०१८ मध्ये तो मान वराडकरांना मिळाला. मला यात गंमत वाटते ती वेगळीच. ज्याच्या नावाने आयर्लंड जगाला या म्हणतं, तो स्वतः तिथे पहिल्यांदा गेला तो कैदी म्हणून. दुसऱ्यांदा मात्र आपल्या पायांनी गेला.

शिकागोत तर १९६२ पासून या सणाला नदीच हिरवी करतात. ही कल्पना प्लंबर लोकांची. नदीत सांडपाणी चोरून कोण सोडतं ते शोधायला ते रंग वापरत, त्यावरून सुचलेली. आपल्या वालधुनीला रंगायला सण लागला नाही, कारखान्यांनी तिला वर्षानुवर्षं फुकटात रंगवलं. आणि तिच्याच काठी अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर उभं आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेला परदेशी पाहुणे बोलवायचे तर रोषणाईच्या आधी त्या प्लंबरांचं मूळ काम करावं लागेल, घाण येते कुठून ते शोधण्याचं. सिव्हिल आणि केमिकलवाल्यांनो, फायनल इयरचा प्रोजेक्ट शोधताय ना?