लक्ष्मीबाई टिळक : श्रद्धा, घर आणि भाषा

प्रस्तावना

मराठी आत्मचरित्राच्या इतिहासात ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाचे स्थान फार वरचे आहे. त्याच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक यांचा परिचय पुष्कळदा रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या पत्नी एवढाच करून दिला जातो. हा परिचय अपुरा आहे. पतीने धर्मांतर केले तेव्हा त्यांनी ते स्वीकारले नाही. पुढे त्या स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या आणि अखेरपर्यंत श्रद्धाळू ख्रिस्ती म्हणून जगल्या. हा प्रवास कसा घडला आणि त्याचा त्यांच्या लेखनाशी काय संबंध आहे, हे या घटकात आपण पाहणार आहोत.

बालपण आणि विवाह

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. त्यांचे माहेरचे नाव मनकर्णिका. १८५७ च्या उठावानंतर त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी देण्यात आले. या घटनेचा वडिलांच्या मनावर खोल परिणाम झाला आणि घरात सोवळ्याचे विलक्षण स्तोम माजले. बाजारातून आलेले जिन्नससुद्धा धुऊन घ्यावे लागत. विटाळाच्या भीतीने घरातील माणसे किती जखडली जातात, हे या मुलीने जवळून पाहिले. पुढील आयुष्यातील त्यांच्या निर्णयांकडे पाहताना ही पार्श्वभूमी लक्षात ठेवावी.

१८८० मध्ये बालवयातच त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक बुद्धिमान, कवी मनाचे आणि कमालीचे उदार होते. पण तितकेच तापट आणि अस्थिरही होते. हाती आलेला पैसा ते सहज देऊन टाकीत आणि कोणाला न सांगता घर सोडून जात. लक्ष्मीबाईंना शालेय शिक्षण जवळजवळ मिळालेच नव्हते. अक्षरओळखही प्रामुख्याने पतीकडूनच झाली. त्यांची काही अपत्ये अल्पवयातच दगावली. १८९१ मध्ये जन्मलेला पुत्र देवदत्त हाच पुढे त्यांच्या आयुष्याचा आधार ठरला.

वियोगाची वर्षे

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर हा मोठाच आघात होता. पती जिवंत असूनही संसार मोडला होता आणि पदरी लहान मूल होते. नातलगांनी त्यांना सांभाळले. काही काळ त्या पंढरपुरास राहिल्या. त्या काळच्या समाजरचनेत ख्रिस्ती झालेल्या पतीकडे परत जाणे म्हणजे स्वतःच्या जातीतून आणि आप्तांतून कायमचे बाहेर पडणे होते. न जाणे म्हणजे मुलाला पित्याच्या सहवासाला मुकवणे होते. या पेचातून वाट काढण्यास त्यांना काही वर्षे लागली.

पुढे त्या अहमदनगरला पतीजवळ आल्या. तेथेही आरंभी त्यांनी आपले सोवळे, पाणी आणि स्वयंपाक वेगळाच ठेवला. टिळकांनी धर्मांतराचा आग्रह धरला नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्यामुळे विचार करण्यास लक्ष्मीबाईंना अवकाश मिळाला. राहुरी येथील वास्तव्यात त्या जातिभेदाच्या प्रश्नावर चिंतन करू लागल्या. उच्चनीचता देवाने निर्माण केली नसून ती माणसांनी केली आहे, या निष्कर्षाला त्या पोहोचल्या. प्रथम त्यांनी खाण्यापिण्यातील भेद सोडला आणि त्यानंतर, १९०० मध्ये, बाप्तिस्मा घेतला. हा क्रम ध्यानात घ्यावा. आचरणातील बदल आधी झाला आणि दीक्षा नंतर आली.

विस्तारलेले कुटुंब

यानंतर लक्ष्मीबाईंच्या घराचा उंबरठा सर्वांसाठी खुला झाला. ताराला त्यांनी मुलगी मानून वाढवले. अनेक निराधार मुलांना त्यांच्या घरी आश्रय मिळाला. कवी बालकवी ठोंबरे अहमदनगरला टिळकांच्या घरी राहत, तेव्हा लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर पुत्रवत माया केली. प्लेगच्या साथीत आजारी मुलींच्या शुश्रूषेसाठी त्या जिवाची पर्वा न करता पुढे आल्या. एके काळी स्पर्शाचे भय बाळगणाऱ्या घरात वाढलेल्या स्त्रीने साथीच्या रोग्यांना हात लावावा, यातच त्यांच्या श्रद्धेचे खरे स्वरूप दिसते. उपदेशापेक्षा सेवा त्यांना अधिक जवळची होती.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. इंग्रजीचा गंध नसताना लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात काम पत्करले. काही काळ त्या कराचीतही राहिल्या. पुढे मुलगा, सून आणि नातवंडे यांच्यासह त्यांचे उत्तरायुष्य नाशिकला गेले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

वाङ्मयीन कार्य

टिळकांनी ख्रिस्तचरित्रावरील ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले होते. सुमारे दहा अध्यायांनंतर ते अपुरे राहिले. लक्ष्मीबाईंनी साठांहून अधिक अध्यायांची भर घालून ते पुढे नेले. ‘भरली घागर’ हा त्यांचा काव्यसंग्रह आहे. वडिलांचे चरित्र लिहिण्याच्या हेतूने देवदत्तांनी आईकडे आठवणी मागितल्या आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ साकारले. पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला, तर चौथा भाग त्यांच्या मृत्यूनंतर आला. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी या ग्रंथाची संपादित आवृत्ती सिद्ध केली. मुलाने लिहिते केले आणि नातवाने जतन केले, अशी ही तीन पिढ्यांची परंपरा आहे.

भाषेच्या दृष्टीने हा ग्रंथ विशेष अभ्यसनीय आहे. मिशनच्या अनेक मराठी पुस्तकांत भाषांतराचा कृत्रिमपणा जाणवतो. लक्ष्मीबाईंच्या गद्यात तो नाही. छोटी वाक्ये, घरगुती शब्द, संवादाची लय आणि स्वतःलाही न सोडणारा विनोद ही त्यांची वैशिष्ट्ये होत. माजघरात आणि ओसरीवर ऐकलेली मराठी त्यांनी तशीच कागदावर आणली. धर्म बदलला तरी ही बोली त्यांनी सोडली नाही. पतीचे दोष सांगताना त्यांत कटुता येत नाही आणि स्वतःच्या दुःखाचे प्रदर्शनही होत नाही.

समारोप

धर्मांतराने विस्कटलेले घर लक्ष्मीबाईंनी पुन्हा उभे केले. त्यासाठी त्यांनी स्वतःची विचारशक्ती पतीच्या हाती सोपवली नाही आणि पतीवरील प्रेमही सोडले नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना, प्रौढ वयात अक्षरांशी मैत्री करणाऱ्या या स्त्रीची वाटचाल आपल्याला, संसार सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना, निश्चितच जवळची वाटेल.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. लक्ष्मीबाईंच्या धर्मांतरात आचरणातील बदल दीक्षेपूर्वी झाला, या विधानाचे महत्त्व स्पष्ट करा.
२. बालपणातील सोवळ्याचे वातावरण आणि पुढील सेवाकार्य यांचा संबंध सांगा.
३. ‘स्मृतिचित्रे’च्या भाषेची वैशिष्ट्ये थोडक्यात लिहा.