अडॉल्फ लोस

अडॉल्फ लोस (१० डिसेंबर, १८७० - २३ ऑगस्ट, १९३३) हे ऑस्ट्रियन-चेकोस्लोव्हाक वास्तुविशारद व लेखक होते. आधुनिक वास्तुकलेच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते. प्राग शहरातील उतारावर बांधलेले म्युलर यांचे घर ही त्यांची सर्वांत परिपक्व कृती मानली जाते.

त्यांचा जन्म ब्रनो येथे एका पाथरवट-शिल्पकाराच्या घरी झाला. वडील लवकर वारले. लोस यांना बालपणापासून कमी ऐकू येई व उतारवयात ते जवळजवळ बहिरे झाले. ड्रेस्डेन येथील शिक्षण त्यांनी पदवी न घेताच सोडले. १८९३ ते १८९६ या काळात ते अमेरिकेत होते. तेथे मिळेल ते काम करून त्यांनी दिवस काढले. परतल्यावर व्हिएन्नात त्यांनी अनावश्यक नक्षीकामावर लेखांतून कठोर टीका केली. नक्षीमुळे कारागिराचे श्रम व मौल्यवान सामग्री वाया जाते, असे त्यांचे मत होते. व्हिएन्नाच्या राजवाड्यासमोर त्यांनी उभारलेल्या इमारतीचा (१९०९-११) दर्शनी भाग इतका साधा होता की नगरपालिकेने काम थांबवले. अखेर खिडक्यांखाली फुलांच्या कुंड्या बसवण्याच्या तडजोडीवर ते पूर्ण झाले.

म्युलर यांचे घर

फ्रांतिशेक म्युलर हे बांधकाम व्यवसायातील अभियंते होते. त्यांचा भूखंड प्रागच्या स्त्रेशोवित्से भागात तीव्र उतारावर होता. कारेल ल्होटा यांच्या साहाय्याने लोस यांनी १९२८ ते १९३० मध्ये हे घर उभारले. बाहेरून दिसतो तो केवळ पांढरा, निराभरण ठोकळा आणि पिवळ्या चौकटींच्या लहान खिडक्या. या रूपामुळे परवानगी वारंवार नाकारली गेली.

आत मात्र निराळेच विश्व आहे. सर्व खोल्या एका पातळीवर व एकाच उंचीच्या असाव्यात, हे लोस यांना मान्य नव्हते. महत्त्वाच्या खोलीचे छत उंच, लहान खोलीचे ठेंगणे. मधे चार-सहा पायऱ्या. या पद्धतीला पुढे त्यांचे शिष्य हाइन्रिख कुल्का यांनी 'राउमप्लान' हे नाव रूढ केले. अरुंद, ठेंगण्या प्रवेशिकेतून पायऱ्या चढून माणूस एकदम हिरवट संगमरवराने मढवलेल्या प्रशस्त दिवाणखान्यात येतो. थोडे वर महोगनीचे भोजनगृह आणि आणखी वर गृहिणीची छोटी बैठक आहे. तिच्या खिडकीतून दिवाणखाना दिसतो. प्रबलित काँक्रीटच्या सांगाड्यामुळे आतील भिंतींवर भार नव्हता, म्हणूनच अशी मोकळीक घेता आली. गच्चीच्या टोकाच्या भिंतीत ठेवलेल्या मोकळ्या चौकटीतून प्रागचे कॅथेड्रल चित्रासारखे दिसते. नक्षीविरोधी लोस यांनी रंग व दगडाच्या नैसर्गिक रेषांचा इतका मनसोक्त वापर करावा, यात विरोधाभास नाही. त्यांचा आक्षेप कोरलेल्या शोभेला होता, सामग्रीच्या सौंदर्याला नव्हे.

उत्तरकाळ

या घराचे काम सुरू झाले त्याच १९२८ साली अल्पवयीन मुलींशी गैरवर्तन केल्याच्या खटल्यात व्हिएन्नातील न्यायालयाने लोस यांना काही आरोपांत दोषी ठरवून स्थगित शिक्षा सुनावली. त्यांच्या गौरवपर चरित्रांत या प्रकरणाला बहुधा ओझरती जागा मिळाली आहे. त्या मुलींच्या दृष्टीने ते अन्यायकारकच होय.

१९३० मध्ये साठावा वाढदिवस त्यांनी म्युलर यांच्या घरीच साजरा केला. तीन वर्षांनी व्हिएन्नाजवळील काल्क्सबुर्ग येथे त्यांचे निधन झाले. १९४८ नंतर हे घर सरकारच्या ताब्यात गेले व तेथे विविध संस्थांची कार्यालये आली. पुढे प्राग शहराने ते विकत घेऊन दुरुस्त केले. २००० सालापासून ते संग्रहालय म्हणून खुले आहे.