हिल्डे मँगोल्ड : अल्पायुषी संशोधिका

गर्भाच्या इवल्याशा गोळ्यात मेंदू आणि मज्जारज्जू नेमके कोठे घडावेत, हे कोण ठरवते? हे कोडे सोडवण्यात मोठा वाटा असलेल्या हिल्डे मँगोल्ड यांचा जन्म २० ऑक्टोबर १८९८ रोजी जर्मनीतील गोथा येथे झाला. फ्रायबुर्ग विद्यापीठात प्रा. हान्स श्पेमान यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेटसाठी काम केले.

न्यूट हा बेडकाचा शेपटीवाला नातलग. फिकट रंगाच्या न्यूटच्या गर्भातील ठरावीक जागेचा कण हिल्डेबाईंनी गडद रंगाच्या गर्भाच्या पोटाकडे बसवला. तेथे दुसरा मज्जारज्जू तयार झाला. मात्र त्यातील बहुतेक पेशी यजमान गर्भाच्याच होत्या. परक्या कणाने त्यांना नवी दिशा दिली होती. असा कण विशिष्ट प्रथिने स्रवून त्वचा बनण्याचा आदेश रोखतो, हे पुढे १९९०च्या दशकात उलगडले.

हे संशोधन १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात घरी शेगडीचा भडका उडून, तान्हे मूल मागे ठेवून, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी त्या गेल्या. १९३५ चे नोबेल पारितोषिक श्पेमान यांना मिळाले.

तो गौरव गुरूंचा होताच. पण तो प्रयोग ज्या हातांनी घडला, ते हात आपण विसरता कामा नयेत.