निनावी कबरीला नाव देणारी गायिका : जॅनिस जॉप्लिन

ब्लूज संगीताच्या सम्राज्ञी म्हणून गौरवल्या गेलेल्या अमेरिकी गायिका बेसी स्मिथ यांचे १९३७ मध्ये निधन झाले. फिलाडेल्फियाजवळील त्यांची कबर पुढे सुमारे ३३ वर्षे नामशिळेविना राहिली. ऑगस्ट १९७० मध्ये तेथे शिळा उभी राहिली. तिचा खर्च उचलणाऱ्या दोन महिलांपैकी एक होत्या २७ वर्षांच्या रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच त्यांचाही अंत झाला.

जॉप्लिन यांचा जन्म १९ जानेवारी १९४३ रोजी टेक्सासमधील पोर्ट आर्थर या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शहरात झाला. वंशभेदाच्या त्या काळात कृष्णवर्णीयांची बाजू घेणाऱ्या या मुलीला शाळेत सतत हेटाळणी सोसावी लागली. बेसी स्मिथ आणि लेडबेली यांच्या ध्वनिमुद्रिकांनी तिला आधार दिला आणि गाण्याची वाटही दाखवली.

१९६३ मध्ये त्या सॅन फ्रान्सिस्कोला गेल्या. मात्र अमली पदार्थांनी शरीर पोखरल्याने १९६५ मध्ये त्यांना घरी परतावे लागले. जून १९६६ मध्ये त्या पुन्हा त्याच शहरात आल्या आणि 'बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी' या वाद्यवृंदाच्या गायिका झाल्या. लांबत जाणारे गिटारवादन आणि रंगीत प्रकाशझोतांच्या सायकेडेलिक रॉकचा तो बहराचा काळ होता. त्या कल्लोळात जॉप्लिन यांनी ब्लूजची वेदना आणली.

जून १९६७ मधील मॉन्टेरे महोत्सवात बिग मामा थॉर्नटन यांचे 'बॉल अँड चेन' गाऊन त्यांनी श्रोत्यांना थक्क केले. त्यांचे पहिले सादरीकरण चित्रित झाले नव्हते. चित्रपटासाठी दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा मंचावर आल्या. १९६८ चा 'चीप थ्रिल्स' हा अल्बम अमेरिकेत आठ आठवडे अग्रस्थानी राहिला.

त्याच वर्षअखेरीस त्यांनी हा वाद्यवृंद सोडला. सोबतीला नवे वादक घेऊन १९६९ मध्ये त्या वुडस्टॉक महोत्सवात गायल्या. पुढे 'फुल टिल्ट बूगी बँड'च्या साथीने त्यांनी 'पर्ल' या अल्बमचे काम हाती घेतले. ते पूर्णत्वास येत असतानाच ४ ऑक्टोबर १९७० रोजी हॉलिवूडमधील मॉटेलच्या खोलीत हेरॉइनच्या अतिसेवनाने त्यांचा मृत्यू झाला. एका गाण्याचे वाद्यसंगीत तयार होते, गायन तेवढे बाकी होते; ते गाणे शब्दांविनाच अल्बममध्ये ठेवण्यात आले.

जानेवारी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेला 'पर्ल' नऊ आठवडे अग्रस्थानी होता. त्यातील 'मी अँड बॉबी मॅगी' हे गाणेही पहिल्या क्रमांकावर पोहोचले. १९९५ मध्ये त्यांचा 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश झाला. बेसी स्मिथ यांच्या कबरीला नाव मिळवून देणाऱ्या या गायिकेची स्वतःची कबर मात्र कोठेही नाही. त्यांच्या अस्थी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत प्रशांत महासागरात विसर्जित करण्यात आल्या.